‘ज्या’ची विभक्ती पाहा: फ्रेंचमधला ‘ऊ’ जागेसाठी आणि वेळेसाठी कसा वापरायचा

इंदुरात फ्रेंच शिकणाऱ्या मराठी मुलांच्या वह्यांमध्ये एक चूक हमखास सापडते: ‘ल झूर कां त्यू ए व्हन्यू’. म्हणायचं असतं ‘तू आलास तो दिवस’. मूल इंग्रजीच्या रस्त्याने जातं, तिथे ‘डे’नंतर ‘व्हेन’ येतो, म्हणून फ्रेंचमध्ये त्याचा जोडीदार ‘कां’ उचलून ठेवतं. पण फ्रेंचमध्ये दिवस, वर्ष, क्षण, काळ अशा नामाला चिकटून ‘कां’ येत नाही. तिथे ‘ऊ’ येतो: ‘ल झूर ऊ त्यू ए व्हन्यू’. हा तोच ‘ऊ’, जो पहिल्या महिन्यात ‘कुठे’ म्हणून शिकवलेला असतो. मग प्रश्न येतोच, की दिवसाला ‘कुठे’ कसं काय लागतं?

याचं उत्तर इंग्रजीत शोधू नका, आपल्याकडेच आहे. घरी, दारी, माहेरी, सासरी हे शब्द म्हणून बघा. मग दिवशी, वर्षी, वेळी, क्षणी म्हणा. प्रत्यय एकच, सप्तमीचा ‘ई’. ‘शहरात’ आणि ‘आठवड्यात’ यांतला ‘त’सुद्धा सप्तमीचाच. जागा आणि वेळ एकाच विभक्तीत बसवायची सवय मराठीला आहे, आणि फ्रेंच ‘ऊ’ नेमकं तेच करतो. पाठ्यपुस्तकं ‘ऊ म्हणजे जिथे आणि जेव्हा’ असं सांगून मोकळी होतात. मला तो नियम अर्धवट वाटतो, कारण ‘क’ आणि ‘दों’ या ‘जो-ज्या’साठीच्या दुसऱ्या दोन फ्रेंच शब्दांशी होणारी गल्लत त्याने सुटत नाही. त्याऐवजी ‘ज्या’ला लागलेली विभक्ती बघायची सवय लावली तर बहुतेक वाक्यं आपोआप जुळतात.

एक सूचना आधीच देतो. या लेखात फ्रेंच वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. वहीत ती रोमन लिपीत, खऱ्या स्पेलिंगनेच लिहा.

पहिली पायरी: वाक्य उलगडा

आपण बोलताना ‘ज्या घरात मी राहतो ते घर’ असं क्वचितच म्हणतो. ‘मी राहतो ते घर’ म्हणतो. ‘तू आलास तो दिवस’, ‘आई शिकली ती शाळा’, ‘आपण बसायचो तो कट्टा’. बोलायला हे सुटसुटीत आहे, पण यात विभक्ती गिळली जाते आणि फ्रेंचमध्ये काय लावायचं ते कळत नाही. म्हणून भाषांतराआधी वाक्य ‘ज्या’ घालून मोठं करा: ज्या घरात मी राहतो, ज्या दिवशी तू आलास, ज्या शाळेत आई शिकली, ज्या कट्ट्यावर आपण बसायचो.

आता प्रत्यय डोळ्यांसमोर आला. इंदूरच्या मुलांना इथे हिंदी आडवी येते, कारण घरात मराठी असली तरी गल्लीत हिंदीच चालते. ‘जिस दिन’ला पुढे कोणताच परसर्ग लागत नाही, त्यामुळे बघायला काही उरत नाही. उलगडताना मराठीतच उलगडा.

दुसरी पायरी: प्रत्यय ओळखा

‘ज्या’पुढच्या नामाला ‘त’ किंवा ‘ई’ लागला असेल, तर ‘ऊ’. ज्या शहरात मी राहतो: ‘ला व्हील ऊ झाबीत’. ज्या घरात मी लहानाचा मोठा झालो: ‘ला मेझों ऊ झे ग्रांदी’. ज्या वर्षी इंदूर राजधानी झालं: ‘लाने ऊ इंदोर ए दव्हन्यू ला कापिताल’. हे वर्ष 1818. मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली. ज्या क्षणी: ‘ओ मोमां ऊ’. ज्या काळात: ‘आ लेपॉक ऊ’. नाम पुल्लिंगी असो, स्त्रीलिंगी असो की अनेकवचनी, ‘ऊ’ बदलत नाही. फ्रेंचमध्ये असा दिलासा फार वेळा मिळत नाही, तेव्हा घ्या.

पंचमीचा ‘हून’ किंवा ‘ऊन’ लागला, म्हणजे तिथून निघणं असेल, तर ‘द’ (‘-हून’, ‘-चा’ सांगणारा फ्रेंच अव्यय) आणि ‘ऊ’ जोडून ‘दू’. ज्या गावाहून आजी आली: ‘ल व्हिलाझ दू मा ग्रां-मेर ए व्हन्यू’. मात्र ‘ज्या गल्लीतून मी रोज जातो’ यातला ‘तून’ निघण्याचा नाही, मार्गाचा आहे. तिथे ‘पार ऊ’: ‘ला र्यू पार ऊ झ पास’. मराठीत प्रत्यय दिसायला एकच आहे, त्यामुळे अर्थ विचारावा लागतो. गल्ली मागे टाकून निघालो, की तिच्यातून पलीकडे गेलो?

सगळ्यात निसरडा प्रत्यय ‘ला’. ‘ज्या गावाला मी जातो’, ‘ज्या तारखेला परीक्षा आहे’ आणि ‘ज्या शहराला मी भेट दिली’, तिन्हीत ‘ला’ आहे. पहिल्या दोन ठिकाणी ‘ऊ’ लागतो, तिसऱ्यात नाही. याची चाचणी सोपी आहे: ‘ला’ काढून तिथे ‘त’ किंवा ‘ई’ घालून बघा. ‘ज्या गावी मी जातो’ चालतं. ‘ज्या दिवशी परीक्षा आहे’ चालतं. ‘ज्या शहरात मी भेट दिली’ म्हटलं तर अर्थ पालटतो, शहरात कुणाला तरी वस्तू दिली असं वाटतं. सप्तमी बसली नाही, म्हणजे ते शहर क्रियापदाचं कर्म आहे, आणि कर्माला ‘क’: ‘ला व्हील क झे व्हिझिते’.

विभक्तीऐवजी शब्दयोगी अव्यय आलं, म्हणजे खाली, मागे, समोर, दरम्यान यांपैकी काही, तर ‘ऊ’ अपुरा पडतो. तो ‘तिथे’ एवढंच सांगतो, आत की खाली ते सांगत नाही. ‘ज्या टेबलाखाली मांजर झोपते’ याचं ‘ला ताब्ल ऊ ल शा दोर’ केलं, तर मांजर टेबलावर झोपली असंच कुणीही समजेल. म्हणून अव्यय ठेवा आणि पुढे ‘लकेल’चं योग्य रूप लावा: ‘ला ताब्ल सू लाकेल ल शा दोर’. पुल्लिंगी एकवचनात ‘लकेल’, स्त्रीलिंगीत ‘लाकेल’, अनेकवचनात दोन्हींना ‘लेकेल’, फक्त स्पेलिंग वेगळं. वेळेलाही तेच लागू: ‘ज्या सुट्टीदरम्यान’ म्हणजे ‘ले व्हाकांस पांदां लेकेल’. ‘वर’ मात्र मधला आहे. ‘ज्या खुर्चीवर बसलो’ याला ‘ऊ’ चालतो आणि ‘स्यूर लाकेल’ही. बसायचं खुर्चीवरच असतं, गैरसमजाला जागा नाही.

माणसांना ‘ऊ’ कधीच नाही. शिकायला इंदुरात येऊन मावशीकडे राहणारी मुलं इथे घसरतात. मावशीचं घर ही जागा खरी, पण वाक्यात मावशी आहे. ‘ज्या मावशीकडे मी राहतो’: ‘ला तांत शे की झाबीत’.

तिसरी पायरी: फ्रेंच क्रियापदाला विचारा

विभक्ती मराठीची पाहिली, पण वाक्य फ्रेंच बोलणार आहे. काही क्रियापदांचा स्वभाव दोन्ही भाषांत जुळत नाही, आणि गुण तिथेच जातात.

दिवसाचंच उदाहरण घेऊ. ‘ज्या दिवसाची मी वाट बघतोय’ यात मराठी षष्ठी लावते, पण फ्रेंच ‘आतांद्र’ थेट कर्म घेतं: ‘ल झूर क झातां’. ‘जो दिवस मी कधी विसरणार नाही’: ‘ल झूर क झ नुब्लिरे झामे’, कारण ‘विसरणं’ फ्रेंचमध्येही कर्म घेतं. ‘जो दिवस मला आठवतो’ मात्र ‘ल झूर दों झ म सुव्हिएं’. फ्रेंचमध्ये आठवणं ‘द’ घेतं, आणि ‘द’ आला की ‘दों’. आता यातच ‘दों’ काढून ‘ऊ’ घाला: ‘ल झूर ऊ झ म सुव्हिएं’. वाक्य व्याकरणात बसतं, पण अर्थ झाला ‘ज्या दिवशी मला आठवतं’. आठवण दिवसाची राहिली नाही, त्या दिवशी कुणाला तरी काहीतरी आठवलं. वेळेचं नाम दिसलं की डोळे मिटून ‘ऊ’ लावणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. दिवस नुसता वेळ असतो तेव्हा ‘ऊ’, दिवसाबद्दलच काही घडत असेल तर ‘क’ किंवा ‘दों’, आणि दिवस स्वतः काही करत असेल तर ‘की’: ‘ल झूर की व्हिएं’, म्हणजे येणारा दिवस.

शहरांचंही तसंच. ‘ज्या शहराबद्दल मी बोलतोय’: ‘ला व्हील दों झ पार्ल’. ‘जे शहर मला आवडतं’: मराठीत शहर कर्ता, फ्रेंचमध्ये कर्म, म्हणून ‘ला व्हील क झेम’. ‘जे शहर मी सोडलं’: ‘ला व्हील क झे कित्ते’. पण ‘ज्या शहरातून मी निघालो’: ‘ला व्हील दू झ सुई पार्ती’. सोडणं आणि निघणं यांचा अर्थ जवळचा असला, तरी सर्वनाम वेगळं. नवं क्रियापद शिकताना त्याच्यासोबत कोणता अव्यय येतो तेही पाठ केलं, तर ही पायरी अवघड राहत नाही.

‘क’ आणि ‘ऊ’ यांच्यातला आणखी एक फरक लिहिताना दिसतो. ‘क’च्या आधी स्त्रीलिंगी नाम असेल आणि पुढे ‘आव्हुआर’ या सहायक क्रियापदाने बनलेला भूतकाळ असेल, तर क्रियापदाच्या रूपाला शेवटी जास्तीचं रोमन ‘ई’ (e) हे अक्षर लागतं, ऐकू येत नसलं तरी. ‘ऊ’च्या मागच्या नामाशी असा काही मेळ घालायचा नसतो. तसंच ‘क’ पुढच्या स्वराला चिकटून ‘किल’ होतो, ‘ऊ’ कधी चिकटत नाही: ‘ऊ इल’, दोन वेगळे शब्द.

चौथी पायरी: वाक्य जोडा, आणि ‘तिथे’ गाळा

एक वाक्य सावकाश जोडून पाहू: ‘ज्या दुकानात पोहे मिळतात ते दुकान बंद आहे.’ फ्रेंचमध्ये आधी दोन सुटी वाक्यं. ‘ल मागाझँ ए फेर्मे’, दुकान बंद आहे. ‘ओं व्हां द्यू पोहा दां स मागाझँ’, त्या दुकानात पोहे मिळतात. दुसऱ्या वाक्यातलं ‘दां स मागाझँ’ अख्खं काढा, फक्त ‘मागाझँ’ नाही, आधीचा ‘दां’सुद्धा. त्याच्या जागी एक ‘ऊ’ घ्या आणि तो वाक्याच्या तोंडाशी आणा. मग हा तुकडा पहिल्या वाक्यातल्या ‘मागाझँ’ला लगेच चिकटवा: ‘ल मागाझँ ऊ लों व्हां द्यू पोहा ए फेर्मे’.

यात तीन गोष्टी झाल्या. ‘ऊ’ने ‘दां’ गिळला, म्हणून शेवटी पुन्हा ‘दां’ लिहायचा नाही. नाम एकदाच आलं. मराठीत ‘ज्या दुकानात... ते दुकान’ अशी जोडी लागते, फ्रेंचला ती खपत नाही. ‘जिथे’च्या पाठोपाठ येणारं ‘तिथे’ही गाळायचं. मुलं सवयीने ‘ला व्हील ऊ झी आबीत’ लिहितात, त्यातला ‘ई’ म्हणजे ते ‘तिथे’च. तिसरी गोष्ट, ‘ऊ’नंतर ‘ओं’ न येता ‘लों’ आला. दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून लिखित फ्रेंचमध्ये हा ‘ल’ घालतात. त्याला अर्थ नाही, तो कानासाठी आहे. बोलताना ‘ऊ ओं’ही चालतं.

लांब वाक्यात शेवटचं ‘ए फेर्मे’ विसरण्याचा धोका असतो. मुलं ‘पोहा’पर्यंत येतात आणि पूर्णविराम देतात. मुख्य क्रियापद जागेवर आहे का, हे शेवटी बोट ठेवून बघा.

‘ऊ’ची दोन उपवाक्यं एकापुढे एक आली तर ‘ऊ’ पुन्हा लिहायचा. यासाठी सराफ्याइतकं चांगलं उदाहरण मला सुचत नाही: ‘सराफा, ल मार्शे ऊ लों व्हां द लोर ल झूर ए ऊ लों मांझ ला नुई’. दिवसा सोनं विकणारा आणि रात्री खाऊ घालणारा बाजार. इथे ‘ल झूर’ आणि ‘ला नुई’ला ना ‘ऊ’ लागलाय ना कोणता अव्यय, कारण ते नुसते ‘दिवसा’ आणि ‘रात्री’ आहेत, त्यांना पुढे कुणी जोडलेलं नाही.

कर्ता मोठा आणि क्रियापद छोटं असेल, तर ‘ऊ’नंतर क्रियापद आधी आणता येतं. ‘माणिकबाग, ल पाले ऊ व्हीव्हे ल माराजा’: महाराज राहत तो वाडा. दुसऱ्या यशवंतराव होळकरांसाठी जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट म्युथेसियस यांनी तो 1930 च्या दशकात उभारला. आतलं बरंच सामान युरोपातल्या आधुनिक कारागिरांचं होतं. पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने 2019 मध्ये त्यावर प्रदर्शन भरवलं, त्याचंच वाक्य करू: ‘2019, लाने ऊ पारी आ एक्सपोझे ले मब्ल द माणिकबाग’. उलट क्रमाची ही लकब ‘दू’लाही शोभते: ‘महेश्वर, दू व्हिएन से सारी’, या साड्या जिथून येतात ते महेश्वर. विशेषनामानंतर स्वल्पविराम ठेवा. शहर कोणतं ते आधीच ठरलेलं आहे, ‘ऊ’ फक्त माहिती पुरवतो. ‘ला व्हील ऊ झाबीत’मध्ये मात्र कोणतं शहर हेच ‘ऊ’ ठरवतो, म्हणून तिथे स्वल्पविराम नाही.

जिथे सप्तमी फसवते

‘फ्वा’, म्हणजे खेप, हा हट्टी शब्द आहे. ‘ज्या ज्या वेळी’, ‘पहिल्या वेळी’, ‘शेवटच्या वेळी’ सगळं सप्तमीत असूनही फ्रेंच ‘क’ लावते: ‘शाक फ्वा क’, ‘ला प्रमिएर फ्वा क’, ‘ला दर्निएर फ्वा क’. ‘मँतनां क’, म्हणजे आता जेव्हा, हेही तसंच. याला कारण शोधत बसू नका, पाठ करा. जुन्या साहित्यिक गद्यात ‘अँ झूर क’ असंही भेटतं. वाचताना ओळखा, लिहिताना ‘अँ झूर ऊ’ लिहा.

नामच नसेल तर? ‘जेव्हा तू आलास तेव्हा मी झोपलो होतो.’ यात दिवस नाही, वेळ नाही, नुसतं ‘जेव्हा’. आता ‘कां’ची पाळी: ‘कां त्यू ए व्हन्यू, झ दोर्मे’. थोडक्यात, ‘ज्या’ आणि वेळेचं नाम असेल तर ‘ऊ’, सुटं ‘जेव्हा’ असेल तर ‘कां’. जागेचं नाम नसेल तर ‘ला ऊ’: ‘ला ऊ ला र्यू फिनी’, जिथे रस्ता संपतो तिथे. ‘जिथे जिथे’ला ‘पार्तू ऊ’.

सगळ्यात जास्त फसवणारा आपला ‘च’. ‘इंदुरातच माझा जन्म झाला.’ फ्रेंच हा जोर ‘से... क’च्या चिमट्यात पकडते: ‘से ता इंदोर क झ सुई ने’. इंदूर जागा आहे, सप्तमीत आहे, म्हणून हात ‘ऊ’कडे जातो, आणि तो चूक ठरतो. ‘आ’ हा अव्यय ‘इंदोर’च्या आधी आलेलाच आहे, जागा सांगून झाली, ‘ऊ’ने ती पुन्हा का सांगायची? पण ‘हेच ते शहर, जिथे माझा जन्म झाला’ असेल तर ‘से ला व्हील ऊ झ सुई ने’, कारण ‘ला व्हील’च्या आधी ‘आ’ नाही. अव्यय आधी असेल तर ‘क’, नसेल तर ‘ऊ’.

‘ओ का ऊ’, म्हणजे न जाणो तसं झालं तर, हा प्रयोगही याच घराण्यातला. त्याच्यामागे साधा वर्तमान नाही, संकेतार्थ येतो: ‘ओ का ऊ इल प्लव्ह्रे’, पाऊस आलाच तर.

लिहिताना

‘ऊ’ रोमन लिपीत ‘ओ’ आणि ‘यू’ने लिहितात, ‘यू’वर डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ देऊन. ती रेघ नसेल तर त्याच उच्चाराचा शब्द ‘किंवा’ होतो. वाक्यात ‘किंवा’ बसत असेल तर रेघ नको, नाहीतर हवीच. फ्रेंच शब्दकोशात ‘यू’वर अशी रेघ असलेला शब्द हा एकच आहे. तरी फ्रेंच कीबोर्डवर तिच्यासाठी वेगळी कळ असते. मोबाइलवर ‘यू’ दाबून धरला की पर्याय दिसतात. विंडोजमध्ये आल्ट धरून नंबर पॅडवर 0249.

डेल्फ ही फ्रेंचची पातळीनुसार होणारी परीक्षा देणाऱ्यांसाठी: ए-टूच्या टप्प्यावर ‘की’, ‘क’ आणि ‘ऊ’ एवढंच नीट यायला हवं. ‘दों’ साधारण बी-वनला येतो आणि ‘लकेल’चं कुटुंब त्याहून पुढे. ए-टूच्या मुलांनी मांजर टेबलावरच झोपवावी, सोपं पडेल.

सराव

उत्तरं झाकून ही वाक्यं सोडवा. ताई काम करते ते ऑफिस छप्पन दुकानजवळ आहे. तो निघून गेला ती संध्याकाळ मला आठवते. मी वाट बघतोय तो रविवार. आजोबा भेटले की प्रत्येक वेळी गोष्ट सांगतात. रामबागेतच तो राहतो.

पहिल्यात ‘ज्या ऑफिसात’, सप्तमी: ‘ल ब्यूरो ऊ त्राव्हाय मा सर ए प्रे द छप्पन दुकान’. दुसऱ्यात आठवणं बाहेरच्या वाक्यात आहे आणि आत ‘ज्या संध्याकाळी तो गेला’, म्हणून ‘दों’ नाही, ‘ऊ’: ‘झ म सुव्हिएं द्यू सुआर ऊ इल ए पार्ती’. तिसऱ्यात ‘आतांद्र’चं कर्म: ‘ल दिमांश क झातां’. चौथ्यात ‘फ्वा’: ‘शाक फ्वा क झ व्हुआ मों ग्रां-पेर, इल म राकोंत यून इस्तुआर’. पाचव्यात ‘च’: ‘से ता रामबाग किल आबीत’. पाचव्यात ‘ऊ’ लिहिला असेल, तर ‘च’चा परिच्छेद पुन्हा वाचा आणि वाक्यातलं रामबाग काढून तुमच्या मोहल्ल्याचं नाव घालून बघा.